स्वतःची स्किन घेऊन या

आमच्या घरी अधूनमधून फ्रिज बंद करून वरच्या खणातला बर्फ काढायचा कार्यक्रम असतो. कार्यक्रम समताचा, प्रेक्षक मी. त्या रविवारीही मी सोफ्यावर आडवा होऊन तिला "तिकडच्या कोपऱ्यात राह्यला बरं का" असं मोलाचं मार्गदर्शन करत होतो. तिने चमच्याने खरवडून मुठीएवढा गोळा काढला आणि तो बेसिनमध्ये टाकायचा सोडून तळहातावर घेऊन बघत उभी राहिली. पाणी कोपरापर्यंत ओघळलं, तरी उभीच.

"काय पाहून राह्यली?" मी विचारलं.

"खरा बर्फ असाच असते का हो? का मऊ असते?"

"मले काय ठाऊक? मी काय अस्वल आहो?"

"पोरायले दरसाली शिकवते मी, बर्फ कसा पडते ते. अन् मले स्वतःले पत्ता नाई." एवढं बोलून तिने उरलेला गोळा बेसिनमध्ये सोडला आणि फ्रिज पुसायला घेतला.

तिने तक्रार केली असती तर मला काहीच झालं नसतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तक्रारींची सवय आहे. पण ती तक्रार नव्हती, आणि म्हणून ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं. समता धामणगाव बढ्याजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. मी, नागसेन, मोताळ्याला सरकारी कचेरीत क्लार्क. एवढ्या वर्षांत मी तिला नातेवाइकांच्या लग्नांना नेलं, बारशांना नेलं आणि एकदा लोणारचं सरोवर दाखवायला निघालो होतो. (स्कूटर मेहकरला बंद पडली. आम्ही मेकॅनिकचं दुकान बघितलं.)

त्याच संध्याकाळी मोबाइल चाळताना ते चित्र दिसलं. बर्फात गुडघाभर बुडालेलं एक लाकडी घर. खिडकीत पिवळा उजेड, धुराड्यातून सरळ वर गेलेली धुराची रेघ, मागे निळे पडलेले डोंगर. मी बघतच राहिलो. खाली इंग्रजीत पुष्कळ काही लिहिलं होतं. माझं इंग्रजी कचेरीतलं आहे. मजकूर 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशा धर्तीवर सुरू झाला तरच मला पुढे वाचता येतं. हा तसा सुरू होत नव्हता, म्हणून मी वाचला नाही. 'हट' कळलं. म्हणजे कॉटेज. चिखलदऱ्याला असतात तशी, गीझर आणि टीव्ही असलेली. पुढे 'स्की टूरिंग' होतं. टूर म्हणजे बस, खिडकीची सीट आणि माइकवरून माहिती सांगणारा माणूस. मी डोळे मिटून दोघांचं बुकिंग करून टाकलं.

समताला सांगितलं तेव्हा तिने हातातल्या वह्या मिटल्या. आत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू आलं. मला वाटलं, शेजारचा रेडिओ असेल. ती गुणगुणते हे मी विसरूनच गेलो होतो.

मोईजला मात्र हे पटलं नाही. मोईज माझा शाळासोबती. गावात त्याचं गाद्या-रजयांचं दुकान आहे.

"हट म्हंजे काय बे?" त्याने विचारलं.

"झोपडी."

"झोपडीत राहाले तू हिमाचलले जाऊन राह्यला? तुह्या वावरात आहे ना झोपडी. त्या झोपडीत तर तू मचाणावर चढाले भेतं."

"तिथं बर्फ आहे."

"मंग बर्फाची लादी आणून टाकू वावरात. भाभीले तिथंच दाखव."

तो असा बोलला खरा, पण जायच्या आदल्या दिवशी त्याने खास कापूस पिंजून दोन जाड बंड्या शिवून आणून दिल्या. त्या घातल्यावर मी बसलो की घडी घातलेल्या गादीसारखा दिसायचो.

मग काजलचा फोन आला. काजल म्हणजे आमची गाइड, तिकडचीच, कुल्लूकडची. आवाज गोड, पण प्रश्न चमत्कारिक.

"सर, आपके पास अपनी स्किन्स हैं?"

मी जरा गोंधळलो. पण सरकारी नोकरीत कोणत्याही प्रश्नाला आधी 'हो' म्हणायची सवय असते. "हां जी, है ना. खुद की है."

"बढ़िया. कितनी पुरानी हैं?"

"सैंतालीस साल."

"सर, इतनी पुरानी तो पकड़ छोड़ देती हैं."

"हां, थोड़ी ढीली हुई है," मी प्रामाणिकपणे कबूल केलं. "गले के पास जादा. लेकिन काम चल जाता है."

"और मैडम की?"

"मैडम की एकदम अच्छी है. वो हळद लगाती है."

काजल म्हणाली, "सर, नेटवर्क थोड़ा खराब है शायद," आणि फोन ठेवला. नंतर तिचा मेसेज आला : रोज चढ चढायचा सराव करा.

समताने हा मेसेज फारच मनावर घेतला. ती रोज पहाटे बूट घालून गावामागच्या टेकडीवर जायला लागली. मीही जायचो. पायथ्याला चहाची टपरी आहे, तिथे मी तिच्या परतीची वाट बघायचो. (वाट बघणं हाही सरावच. बर्फात खूप वाट बघावी लागते, हे पुढे सिद्ध झालं.) शेतातल्या हरभऱ्याला घाटे धरले होते, त्यावरून आंबूस गार वारा यायचा, आणि वर टेकडीवर तिची निळी ओढणी लहान होत होत एक ठिपका व्हायची.

मलकापूरहून आम्ही गाडीत बसलो. दिल्ली, मग बस, मग जीप. जीपने शेवटचं वळण घेतलं आणि समोर एकदम ते आलं. पांढरं म्हणावं तर पांढरं नव्हतं. उन्हात पिवळसर, सावलीत निळं, आणि देवदारांच्या फांद्यांवर असं ठेवलेलं, जणू कोणीतरी हळूच ठेवून आत्ताच गेलंय. जीपमध्ये सगळे बोलत होते. समताने काच खाली केली आणि हात बाहेर काढून तसाच धरून ठेवला. मी "सर्दी होईन" म्हणणार होतो. नाही म्हणालो. माझ्या संसारातला हा एक मोठा संयम म्हणून मोजावा.

काजल रस्त्याच्या शेवटी उभी होती. तिशीची, उन्हाने रापलेली, हसरी. तिने आमच्या बंड्या बघितल्या, मग माझ्या बॅगा.

"सर, स्किन्स दिखाइए ज़रा."

मी बंडीची बाही वर करून हात पुढे केला.

ती हाताकडे बघत राहिली. मग फोनवरचं सगळं बोलणं तिला एकाएकी आठवलं असावं. ती बर्फावर बसली आणि हसायला लागली. इतकी, की डोळे पुसायला तिला हातमोजे काढावे लागले. "कोई बात नहीं सर," ती कशीबशी म्हणाली, "ऊपर हट में एक्स्ट्रा पड़ी हैं."

एक्स्ट्रा कातडी! मी समताकडे बघितलं. तिला काहीतरी कळलं असावं असं मला वाटलं, पण विचारलं असतं तर मी अडाणी ठरलो असतो. मी "अच्छा, अच्छा, वो वाली" असं म्हणून मान हलवली. त्या एका मान हलवण्यामुळे पुढचं सगळं झालं.

हटपर्यंतचा रस्ता पायी होता. मी काजलला विचारलं, बस कधी येते? ती पुन्हा बर्फावर बसली.

देवदारांच्या जंगलातून तुडवलेली पायवाट वर वर जात होती. समता पुढे, सरळ, न थांबता. टेकडी तिच्या पायांत उतरली होती. माझ्या पायांत टपरीचा चहा उतरला होता. प्रत्येक झाडाला टेकून मी श्वास घेतला. काही झाडांना तर मिठीही मारली. हटपाशी पोचलो तेव्हा माझी कंबर माझी राहिली नव्हती.

पण हट! चित्रातलं होतं तसंच निघालं. (सरकारी योजनेची चित्रं बघून बघून मी हे शक्यच धरलं नव्हतं.) लाकडी भिंती, उतरतं छप्पर, बाहेर फळ्यांचा ओटा. गीझर नव्हता, टीव्ही नव्हता, नळसुद्धा नव्हता. काजल म्हणाली, "मैं तंदूर जलाती हूं," तेव्हा मला रोटीची आशा लागली. तंदूर म्हणजे पत्र्याची एक शेगडी निघाली, धुराडं लावलेली. पण तिच्यात देवदाराच्या ढलप्या पेटल्या आणि खोलीभर असा वास सुटला की रोटीचा विसर पडला.

अजून ऊन होतं. काजल म्हणाली, चला, समोरच्या सपाटीवर स्कीची सवय करून घेऊ, उद्या सकाळी डोंगराच्या वरच्या धारेवर जायचंय, तिथून सगळी शिखरं दिसतात. समता उठलीच. मी कंबर धरून म्हणालो, "तुमी व्हा पुढं. मी हटवर लक्ष ठेवतो."

त्या गेल्या. मी एकटा. आणि शेगडीवरच्या दोरीवर मला त्या दिसल्या. लांबलचक पट्ट्या, पंज्याएवढ्या रुंद, घडी घालून वाळत टाकलेल्या. एक काढली. घडी उघडताना चर्रर्र असा आवाज झाला. एका बाजूला मखमलीसारखी लव, दुसरी बाजू चिकट. आणि कोमट! काय सांगू, नुकत्या उतरवलेल्या भाकरीसारखी कोमट.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मेडिकलमध्ये कंबरेला चिकटवायची पट्टी मिळते, तिचीच ही पहाडी आवृत्ती. थकलेल्या लोकांसाठी हटवाल्यांनी सोय करून ठेवली आहे! मी बंडी काढली, स्वेटर काढला, बनियन काढलं. पहिली पट्टी कंबरेभोवती गुंडाळली. दुसरी खांद्यावरून घेऊन छातीवरून जानव्यासारखी. पुन्हा स्वेटर घातला आणि खिडकीपाशी बाकावर आडवा झालो.

असा आराम मला जन्मात मिळाला नव्हता. ऊब हळूहळू हाडांत शिरत गेली. खिडकीबाहेर उतरतं ऊन बर्फावर गुलाबी पडत होतं आणि त्या गुलाबी पसाऱ्यावर दोन माणसं आवाज न करता घसरत होती. एक काजल. दुसरी पडायची, उठायची, पुन्हा पडायची, आणि पडल्या पडल्या हसायची. मध्ये काच होती म्हणून हसू ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. मला वाटलं, आपण बघतोय ही आपलीच बायको आहे का कुणाची? ही मुलगी कोण? मग डोंगर जरा तरंगला, देवदार हळूच बाजूला झाले, आपल्या वावरातली झोपडी पांढऱ्या ढगावर बसून माझ्याजवळ आली, तिच्या दारात मोईज कापूस पिंजत होता आणि तो कापूस आभाळभर उडत होता...

"सर, स्किन्स कहां गईं?"

डोळे उघडले तर समोर काजल. ती दोरीकडे बघत होती.

"कौन सी स्किन्स?"

"यहां टांगी थीं. मैडम वाली. सुबह स्की के नीचे चिपकानी हैं, उसी से तो चढ़ते हैं. नहीं तो पीछे फिसलेंगे."

मी उठून बसलो. कंबरेपाशी काहीतरी ओढलं गेलं. समता माझ्याकडे बघत होती. एकोणीस वर्षांत तिला माझा चेहरा न वाचता कळायला लागला आहे.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "स्वेटर वर करा बरं."

मी केला.

काजल या वेळी बसली नाही. तिने भिंतीला हात लावला आणि तोंड भिंतीकडे केलं. तिचे खांदे हलत होते.

"मले वाटलं, कंबरेची पट्टी आहे," मी म्हणालो.

"कोन सांगतलं?"

"दोरीवर होती... गरम होती..."

"दोरीवर मोजे बी होते. ते नाई लावले कानाले?"

आता प्रश्न काढायचा होता. काजलने एक टोक धरून जरा ओढलं. मी ओरडलो. नेमका त्याच क्षणी छपरावरचा बर्फ धडाडकन खाली आला. (काजल म्हणते, तो उन्हाने सैल झाला होता. मी काही म्हणत नाही.)

"मैं करती," समता पुढे झाली. तिने पट्टीचं टोक नीट मुठीत धरलं. "सतराचा पाढा म्हना."

"आता?"

"म्हना म्हंते ना."

"सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक..." मी अडलो. मी नेहमी तिथेच अडतो, हे तिला माहीत होतं. मी डोळे मिटून आठवायला लागलो आणि

चर्रर्रर्र!

"अडुसष्ट!" मी किंचाळलो. तिने शांतपणे दुसरी पट्टी धरली आणि म्हणाली, "शाबास. पुढं."

पट्ट्या निघाल्या. त्यांच्या चिकट बाजूवर आता माझी छाती होती, म्हणजे छातीवरचं जे काही होतं ते सगळं, शिवाय स्वेटरची लोकर आणि मोईजच्या बंडीतला कापूस. काजलने बोट लावून बघितलं. हसू गेलं होतं तिचं. "ये अब नहीं चिपकेंगी," ती म्हणाली.

समता बाकावर बसली. रागावली नाही. "जाऊ द्या," म्हणाली, "सपाटीवर तं झालंच की. पाह्यला मी बर्फ." आणि तिने ओले हातमोजे शेगडीपाशी नीट उलटे करून ठेवले. अगदी फ्रिज पुसायला घेतला होता तशीच.

मला एकदम दिसलं की दोरीवर काजलच्या जोडीशेजारी तिसरी जोडी आहे. माझी.

"काजल," मी म्हणालो, "मेरी वाली इसको लगेगी क्या?"

"लग जाएगी सर. दोनों स्की एक ही नाप के हैं. पर फिर आप?"

"मैं नहीं जाता." मी आवाजात होता तेवढा त्याग ओतला. "उसको ले जाओ."

समताने वर बघितलं. तिचे डोळे भरले. "तुमी एवढ्या दूर येऊन..."

"असू दे," मी खिडकीबाहेर बघत म्हणालो. (आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू? त्या धारेवर चढावं लागणार नाही हे कळल्यावर मला इतका आनंद झाला होता, की चेहरा लपवायलाच मी खिडकीकडे वळलो होतो. पण तिचे डोळे भरले ते खरे होते, आणि त्याने मला जरा लाजल्यासारखं झालं हेही खरं.)

सकाळी त्या निघाल्या. समता माझ्या स्किन्सवर. मी ओट्यावर चहाचा पेला घेऊन उभा राहिलो. बर्फावर त्यांच्या मागे दोन रेघा उमटत गेल्या, वहीत आखाव्यात तशा सरळ, मग वळण घेऊन वर. कुठे कसला आवाज नव्हता. मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. आमच्या गावात दुपारीसुद्धा कुठली तरी मोटर चालू असते. इथे पेल्यातून निघणाऱ्या वाफेचाही आवाज येईल असं वाटत होतं. ऊन वर आलं तशी सगळी उतरण चमकायला लागली. दोन ठिपके वर गेले, धारेवर थांबले. त्यातला एक हात हलवत होता.

मी हात हलवला. तेवढ्याने तिला दिसणार नाही म्हणून दोन्ही हात हलवले. तेही पुरेना म्हणून एक पाऊल पुढे टाकलं. ओटा तिथेच संपत होता.

खाली कालचा छपरावरून पडलेला बर्फ होता. तो मऊ होता. (समताच्या प्रश्नाचं उत्तर. मऊ असतो.) मी छातीपर्यंत आत गेलो, एक पाय मुरगळला आणि जगात शांतता पुन्हा स्थिर झाली. ओरडून उपयोग नव्हता. हलून बघितलं तर अजून खाली जायला झालं. मग मी हलायचं सोडून दिलं. बंडीमुळे थंडी वाजत नव्हती. पेला हातातच होता आणि त्यात घोटभर चहाही उरला होता. तो प्यायलो. वरून एक कण सावकाश येऊन माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसला. मी त्याला बसू दिलं.

आणि तिथून, बर्फाच्या बरोबरीला डोळे ठेवून, मी माझ्या बायकोला डोंगरावरून उतरताना पाहिलं. ती भरभर नव्हती येत. स्कीची टोकं एकमेकांकडे वळवून, गुडघे वाकवून, लांब लांब वळणं घेत, मध्येच पडत, झटकून उठत. तिच्या मागे बर्फाचा बारीक भुगा उन्हात उडत होता आणि ती त्यातून बाहेर आल्यासारखी दिसत होती. ती माझ्या डोक्यापाशी येऊन थांबली. गाल लाल, केस सुटलेले, पापण्यांवर पांढरं. श्वास लागला होता.

"काय करून राह्यले?" तिने विचारलं.

"तुही वाट पाहून राह्यलो."

तिने खाली वाकून माझ्या टोपीवरचा बर्फ झटकला. "कसं सांगू तुमाले," ती म्हणाली, "वर काय हाय ते." आणि सांगायला लागली. निळा रंग किती प्रकारचा असतो ते, धारेच्या पलीकडे अजून डोंगर, त्याच्या पलीकडे अजून. मी ऐकत होतो. खरं तर मला बाहेर काढायला हवं होतं, पण ती इतकं सलग माझ्याशी किती वर्षांत बोलली नव्हती, म्हणून मी तो विषय काढला नाही. शेवटी काजलनेच फावडं आणलं.

पाय चांगलाच सुजला होता. चालत उतरणं शक्य नव्हतं. हटवरचे रिकामे सिलिंडर आणि कचऱ्याची पोती खाली न्यायची एक घसरगाडी होती, तिच्यावर काजलने मला आडवा केला. दोन बाजूंना दोन सिलिंडर, उशाला पोतं, वरून निळी ताडपत्री, आणि सगळ्याभोवती दोरी. नाक तेवढं बाहेर. काजल पुढून ओढत होती, समता मागून दोरी धरून आवरत होती. वर देवदारांचे शेंडे मागे मागे जात होते, त्यांच्या मधून आभाळाची पट्टी वाहत होती, आणि समता पुन्हा गुणगुणत होती. मी डोळे मिटले. सिलिंडर असण्यात सुख आहे, हे मला पहिल्यांदाच कळलं.

खाली रस्त्यावर जीप उभी होती. ड्रायव्हरने आमच्या बॅगा चढवल्या, सिलिंडर उचलले, पोतं उचललं. मग कमरेवर हात ठेवून त्याने ताडपत्रीच्या गाठोड्याकडे बघितलं आणि विचारलं, "मैडम, ये भी आपका ही सामान है?"

समताने माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"हाव, मेरा ही है," ती म्हणाली. "लेकिन इसको ऊपर टप पे मत बांधना. सीट पे रखो."